शब्दाची काटकसर : कार्ल थिओडोर ड्रायरचा चित्रपटप्रवास आणि साहित्यसंहिता

१

एखादी साहित्यकृती चित्रपटात आणली गेली, की तिच्याविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहते : चित्रपट मूळ कृतीशी प्रामाणिक राहिला की नाही? मराठीतील माध्यमांतराचा विचारही बराचसा याच प्रश्नात अडकलेला दिसतो. या प्रश्नामागे दोन गृहीते असतात. मूळ संहितेतील जितका भाग पडद्यावर येईल तितका चित्रपट प्रामाणिक, हे एक. आणि चित्रपट ही दृश्यकला असल्यामुळे शब्द हा तिच्यातील परका घटक होय, हे दुसरे. ही दोन्ही गृहीते तपासून पाहण्यासाठी डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर (१८८९–१९६८) याच्या कारकिर्दीइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. त्याच्या चौदा कथापटांपैकी बहुतेक सर्व नाटकांवर, कादंबऱ्यांवर किंवा कथांवर आधारलेले आहेत. त्याने मूळ संहितांमधील मजकूर निर्दयपणे छाटला. तरीही त्याचे उत्तरकाळातील चित्रपट शब्दांवाचून उभे राहू शकत नाहीत. त्यांपैकी एकाचे तर नावच ‘ओर्डेट’, म्हणजे ‘शब्द’ असे आहे.

ड्रायरचा उल्लेख ‘चाकोरीबाहेरचा दिग्दर्शक’ असा केला जातो. हे विशेषण खरे असले, तरी त्यातून बंडखोरीचा, नवतेच्या ध्यासाचा जो ध्वनी निघतो तो ड्रायरच्या बाबतीत दिशाभूल करणारा आहे. त्याने निवडलेल्या संहिता त्या त्या काळी नव्या नव्हत्या; पुष्कळदा त्या जुनाटच वाटत होत्या. त्याचे वेगळेपण संहितेच्या निवडीपेक्षा संहितेच्या वाचनात आहे. संहितेतील किती शब्द काढले म्हणजे उरलेल्या शब्दाला घटनेचे वजन येते, हा प्रश्न त्याने पंचेचाळीस वर्षे सोडला नाही. त्याच्या आयुष्याकडे आणि कारकिर्दीकडे या अंगाने पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

ड्रायरचा जन्म ३ फेब्रुवारी १८८९ रोजी कोपनहेगन येथे झाला. त्याची आई जोसेफिन नीलसन ही स्वीडनमधील एका शेतमालकाच्या घरी घरकाम पाहणारी अविवाहित स्त्री होती. तो शेतमालकच मुलाचा पिता होता. लोकापवाद टाळण्यासाठी तिने कोपनहेगनला येऊन मुलाला जन्म दिला आणि त्याला परक्यांच्या हाती सोपवले. काही काळ अनाथालयात आणि निरनिराळ्या घरांत काढल्यावर ड्रायर नावाच्या एका मुद्रण-जुळारी कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. दत्तक पित्याचेच संपूर्ण नाव मुलाला मिळाले. १८९१ मध्ये त्याची जन्मदात्री दुसऱ्यांदा गरोदर राहिली आणि गर्भपातासाठी आगकाड्यांच्या गुलाचा वापर केल्यामुळे विषबाधा होऊन मरण पावली. ही हकिकत ड्रायरला कळली ती वयात आल्यानंतर.

मोरिस द्रूझी या अभ्यासकाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या मृत्यूला ड्रायरच्या सगळ्या निर्मितीचे मूळ मानले आहे. समाजाने छळलेल्या, जाळलेल्या, मूकपणे सोसणाऱ्या स्त्रिया ड्रायरच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा येतात, त्या सर्व एका न पाहिलेल्या आईच्या प्रतिमा आहेत, असा या मांडणीचा आशय आहे. मांडणी आकर्षक आहे आणि तिच्या आधाराची वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. मात्र चरित्रात्मक समीक्षेचा नेहमीचा दोष तिच्यातही शिरला आहे. कारणाचा शोध लागला की कृतीचे वर्णन पूर्ण झाले, असे तीत मानले जाते. या स्त्रिया ड्रायरने कल्पिलेल्या नाहीत. त्या इतरांच्या नाटकांतून, कादंबऱ्यांतून आणि न्यायालयीन दप्तरांतून आल्या आहेत. त्यांची निवड त्याने का केली याचे उत्तर कदाचित आईच्या मृत्यूत सापडेल. त्या निवडीचे त्याने काय केले, याचे उत्तर तेथे सापडत नाही. शिवाय त्याच्या अखेरच्या चित्रपटातील गर्ट्रूड ही कुणाचाही बळी नाही. तिला या साच्यात बसवताना द्रूझीच्या मांडणीची ओढाताण होते.

आईच्या मृत्यूपेक्षा अधिक साधी आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेली एक गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. ड्रायर चित्रपटात आला तो शब्दांचा कारागीर म्हणून. शालेय शिक्षण संपल्यावर त्याने कारकुनी केली, तार कंपनीत नोकरी केली आणि पुढे तो वृत्तपत्रांत लिहू लागला. विमानोड्डाणाच्या त्या पहिल्या उत्साहाच्या काळात तो स्वतः हवाई फुग्यातून प्रवास करीत असे आणि त्यावर लिहीतही असे. प्रसिद्ध व्यक्तींची खोचक शब्दचित्रे लिहिणारा वार्ताहर म्हणूनही त्याने नाव मिळवले होते. नॉर्डिस्क या त्या वेळच्या बलाढ्य डॅनिश चित्रसंस्थेत त्याचा प्रवेश झाला तो मूकपटातील शीर्षके लिहिण्यासाठी. नंतर तो तेथे पटकथा लिहू लागला, चित्रपटयोग्य कादंबऱ्या निवडू लागला, संकलनही करू लागला. मूकपटातील शीर्षक हा एक विलक्षण वाङ्मयप्रकार होता. दोन दृश्यांच्या मधल्या काळ्या पाटीवर मोजकेच शब्द मावत, आणि ते वाचण्यासाठी प्रेक्षकाला काही क्षण चित्र सोडून द्यावे लागे. म्हणजे प्रत्येक शब्दाची किंमत चित्राच्या चलनात मोजली जाई. ही किंमत न विसरलेला दिग्दर्शक म्हणून ड्रायरकडे पाहिले, तर त्याच्या पुढील पुष्कळ निर्णयांची संगती लागते.

१९१९ मध्ये प्रदर्शित झालेला ‘प्रेसिडेंटन’ हा त्याचा पहिला चित्रपट कार्ल एमिल फ्रांझोसच्या कादंबरीवर आधारलेला होता. त्यानंतरच्या ‘सैतानाच्या ग्रंथातील पाने’ या चार कालखंडांत विभागलेल्या चित्रपटाच्या खर्चावरून त्याचे नॉर्डिस्कशी बिनसले. पुढील काही वर्षे तो देशोदेशी हिंडत चित्रपट करीत राहिला. स्वीडिश संस्थेसाठी, पण नॉर्वेत चित्रित केलेला ‘धर्मोपदेशकाची विधवा’, जर्मनीत ज्यूंच्या छळावरील ‘दी गेझाइख्नेटेन’ आणि हर्मन बांगच्या कादंबरीवरील ‘मिकाएल’ हे त्यांपैकी उल्लेखनीय. १९१९ ते १९२८ या दहा वर्षांत त्याने नऊ चित्रपट केले. उरलेल्या चाळीस वर्षांत केवळ पाच. या विषम विभागणीचा विचार पुढे येईलच.

या पहिल्या पर्वातील ‘पत्नीचा मान राख’ (१९२५) हा चित्रपट स्वेन्ड रिंडोमच्या नाटकावर आधारलेला आहे. जुलमी नवऱ्याला घरातील वृद्ध दाई वठणीवर आणते, एवढेच त्याचे कथानक. त्यासाठी ड्रायरने पाण्याचे नळ आणि गॅस यांसह खरोखरीचे वाटावे असे दोन खोल्यांचे बिऱ्हाड स्टुडिओत उभारले. चहाचा पेला, पक्ष्याचा पिंजरा, वाळत घातलेले कपडे अशा वस्तूंनी नाटकातील संवादांची जागा घेतली. फ्रान्समध्ये हा चित्रपट गाजला आणि त्यामुळेच ड्रायरला पॅरिसहून बोलावणे आले.

३

पॅरिसमधील निर्मात्यांनी जोन ऑफ आर्कच्या जीवनावरील जोसेफ देल्तेइलच्या पुस्तकाचे हक्क घेतले होते. ड्रायरने त्या पुस्तकाचा उपयोग जवळजवळ केलाच नाही. १४३१ साली रूआँ येथे जोनवर चाललेल्या धर्मन्यायालयीन खटल्याची कागदपत्रे पिएर शांपियों या इतिहासकाराने संपादित करून प्रसिद्ध केली होती. ड्रायरने ती आधारासाठी घेतली. कथात्म संहितेऐवजी दप्तर निवडण्याचा हा निर्णय साहित्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावा असा आहे. दप्तरात वर्णन नसते. तेथे प्रश्न असतात आणि उत्तरे असतात. महिनोन्‌महिने चाललेला खटला ड्रायरने एका दिवसात आणला. युद्धे, राज्याभिषेक, मेंढपाळ मुलीचे बालपण हे सारे वगळले. उरले ते एका निरक्षर मुलीचे विद्वान धर्मपंडितांना दिलेले जबाब.

‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’ (१९२८) हा चित्रपट क्लोज-अपसाठी प्रसिद्ध आहे आणि त्याविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे त्याची पुनरावृत्ती करण्याचे कारण नाही. रेने फाल्कोनेत्ती ही अभिनेत्री त्याला एका हलक्याफुलक्या नाटकात आढळली. तिच्या किंवा कुणाच्याच चेहऱ्याला रंग लावू न देता, नव्याने आलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मवर रुडॉल्फ माटेने ते चेहरे टिपले. हर्मान वार्म आणि झाँ ह्यूगो यांनी उभारलेले खर्चिक नेपथ्य मात्र पडद्यावर कुठेच सलग दिसत नाही. निर्माते त्यामुळे अस्वस्थ झाले असल्यास नवल नाही. परंतु भिंती आणि बुरूज कापून टाकणे हा शब्द कापण्याचाच दुसरा प्रकार होता.

या चित्रपटाविषयीची एक विसंगती फारशी चर्चिली गेलेली नाही. मूकपटकलेचा हा कळस मानला जातो. तरीही तो संपूर्णपणे बोलण्यावर आधारलेला आहे. प्रत्येक चेहरा काहीतरी विचारतो किंवा ऐकतो. ओठ आधी हलतात आणि पाटी नंतर येते; या अवधीत प्रेक्षक चेहऱ्यावरून शब्दाचा अंदाज बांधू लागतो. ईश्वरी कृपा तुझ्यावर आहे काय, हा प्रश्न म्हणजे धर्मपंडितांनी लावलेला सापळा आहे. ‘हो’ म्हटले तर पाखंड, ‘नाही’ म्हटले तर कबुली. जोनचे उत्तर ऐतिहासिक दप्तरात नोंदलेले आहे आणि ड्रायरने ते जवळजवळ तसेच ठेवले. त्याने आपल्या पदरचा मजकूर शक्यतो घातला नाही. सुमारे पंधराशे तुकड्यांचे हे संकलन त्या मोजक्या उत्तरांना आजूबाजूची जागा मोकळी करून देण्यासाठी आहे.

चित्रपट २१ एप्रिल १९२८ रोजी कोपनहेगनमध्ये प्रथम दाखवला गेला. पॅरिसमध्ये प्रदर्शित होण्यापूर्वी चर्चच्या आणि शासनाच्या दबावामुळे त्यात काटछाट झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्लिन येथील आगीत मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. न वापरलेल्या तुकड्यांतून ड्रायरने दुसरी प्रत तयार केली. तीही पुढे आगीत गेली. अनेक दशके जगभर जे पाहिले गेले आणि ज्यावर समीक्षा लिहिली गेली ते या चित्रपटाचे विस्कळीत अवशेष होते. १९८१ मध्ये ऑस्लोजवळच्या डिकेमार्क या मनोरुग्णालयात मूळ डॅनिश प्रत सापडली. पाठचिकित्सेचे महत्त्व चित्रपटाच्या अभ्यासातही किती आहे, हे यावरून ध्यानात यावे.

४

यानंतरचा काळ ड्रायरच्या कारकिर्दीतील सर्वांत खडतर होय. बोलपट येऊन ठेपला होता. निकोलस द गुंझबुर्ग या हौशी तरुण उमरावाने पैसे पुरवले आणि टोपणनावाने नायकाची भूमिकाही केली. त्यातून ‘व्हांपिर’ (१९३२) तयार झाला. शेरिडन ल फॅनूच्या ‘इन अ ग्लास डार्कली’ या कथासंग्रहाचा आधार त्याने सांगितला असला, तरी हे नाते नावापुरतेच आहे. जर्मन, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत विकायचा असल्यामुळे त्यात संवाद अगदी कमी ठेवले गेले. ही काटकसर प्रथमतः व्यापारी होती. तिला कलात्मक तत्त्वाचे रूप देण्याची घाई समीक्षकाने करू नये. चित्रपटात भिंतीवरून सरकणाऱ्या सावल्या आहेत, शवपेटीच्या काचेतून प्रेताने पाहिलेले आकाश आहे, पिठाच्या गिरणीतील शुभ्र मरण आहे. पण उच्चारलेल्या शब्दाला त्यात वजन नाही. ड्रायरच्या चाहत्यांचा हा अत्यंत लाडका चित्रपट आहे हे खरे. मात्र त्याच्या मुख्य प्रवाहापासून तो बाजूला पडतो, असे म्हणणे भाग आहे. बर्लिनमधील पहिल्या खेळाला प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ड्रायर मानसिकदृष्ट्या खचला आणि त्याला काही काळ उपचार घ्यावे लागले.

त्यानंतर दहा वर्षे त्याचा एकही कथापट आला नाही. तो पुन्हा वृत्तपत्रांकडे वळला आणि कोपनहेगनच्या न्यायालयांचे वृत्तान्त लिहू लागला. जोनच्या खटल्याची कागदपत्रे चाळणारा माणूस आता किरकोळ चोऱ्या आणि घरगुती भांडणे यांच्या साक्षी टिपत होता. आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश यांच्या बोलण्यातील सत्य कुठे उघडे पडते आणि कुठे लपते, याचे हे दुसरे शिक्षण होते असे मानण्यास जागा आहे.

१९४३ मध्ये ‘व्रेडेन्स डे’ (क्रोधाचा दिवस) या चित्रपटाने तो परतला. १५९० साली बर्गन येथे चेटकीण ठरवून जाळलेल्या आन्ने पेडर्सडॉटर या स्त्रीवर नॉर्वेच्या हान्स वीर्स-येन्सेनने १९०८ मध्ये नाटक लिहिले होते. ड्रायरने कथानक सतराव्या शतकातील डेन्मार्कमध्ये हलवले. वृद्ध धर्मोपदेशक, त्याची तरुण दुसरी पत्नी, पहिल्या पत्नीचा मुलगा आणि घरावर सत्ता गाजवणारी म्हातारी आई अशी ही चौकट आहे. पतीचा मृत्यू व्हावा अशी इच्छा तरुण पत्नी बोलून दाखवते आणि तो खरोखर कोसळतो. येथे शब्द प्रथमच कृती होतो. तिच्या बोलण्यात चेटूक होते, की दुर्बळ हृदयाला ते बोलणे सोसले नाही, याचा निर्णय चित्रपट देत नाही. अखेरीस पतीच्या शवपेटीजवळ ती स्वतःच आपण चेटकीण असल्याचे कबूल करते. समाजाने लादलेला शब्द ती आपला म्हणून स्वीकारते; तिची शोकांतिका शेकोटीपेक्षा या स्वीकारात अधिक आहे. जर्मन व्याप्तीच्या काळात प्रदर्शित झालेल्या या चित्रपटात प्रेक्षकांना नाझी छळाचे रूपक दिसले. ड्रायरने तसा हेतू असल्याचे नाकारले. पण तो स्वतः प्रदर्शनानंतर लवकरच स्वीडनला निघून गेला. डॅनिश समीक्षकांना मात्र राजकारणापेक्षा चित्रपटाची संथ गती खटकली होती. त्यांना उत्तर म्हणून ड्रायरने त्याच वर्षी चित्रपटशैलीवर लेख लिहिला. घाई ही केवळ सवय आहे, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख दिसतो.

स्वीडनमध्ये त्याने केलेला ‘दोन माणसे’ (१९४५) हा एक नाटकावरचाच, दोन पात्रांचा चित्रपट. नटांची निवड त्याच्या मनाविरुद्ध झाली होती. चित्रपट काही दिवसांतच काढून घेतला गेला आणि ड्रायरने तो आपला मानला नाही. त्यानंतर पुन्हा दहा वर्षांची पोकळी. या काळात त्याने डॅनिश शासनासाठी माहितीपट केले. पाणीपुरवठा, कर्करोग, खेड्यातील चर्च, पूल असे त्यांचे विषय होते. त्यांपैकी ‘त्यांनी फेरी गाठली’ (१९४८) हा योहानेस व्ही. येन्सेन या नोबेल पारितोषिकप्राप्त लेखकाच्या कथेवरील, रस्ता-सुरक्षेचा प्रचार करण्यासाठी केलेला छोटा चित्रपट. एक जोडपे मोटारसायकलवरून फेरीबोट गाठण्यासाठी धावते. वाटेत एक विचित्र गाडी आडवी येत राहते आणि तिच्या चालकाचा चेहरा मृत्यूचा आहे. अखेरीस दोन शवपेट्या होडीतून नेल्या जातात. सुमारे अकरा मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीच. शीर्षकातील तीन शब्दांचा अर्थ तेवढा शेवटी उलटतो.

५

१९५२ मध्ये शासनाने ड्रायरला कोपनहेगनमधील डागमार या चित्रपटगृहाचा परवाना दिला. कलावंताला उपजीविकेची हमी देण्याची ही डॅनिश पद्धत होती. त्या उत्पन्नाच्या आधारावर ‘ओर्डेट’ (१९५५) उभा राहिला. मूळ नाटक काय मुंक या धर्मोपदेशक-नाटककाराचे. ते १९२५ मध्ये लिहिले गेले आणि १९३२ मध्ये रंगभूमीवर आले. ड्रायरने ते तेव्हाच पाहिले होते. मुंकला जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने ठार मारले. त्याच्या वेडर्सो या खेड्याच्या परिसरातच ड्रायरने बाह्यदृश्ये चित्रित केली.

पश्चिम युटलंडमधील बोर्गन या शेतकरी कुटुंबाची ही कथा. वृद्ध मॉर्टन बोर्गन ग्रुंड्टविगच्या प्रसन्न, जीवनसन्मुख ख्रिस्तीपणाचा अनुयायी आहे. गावातील शिंपी पेटर पापभीरू, कर्मठ पंथाचा आहे. मॉर्टनचा धाकटा मुलगा आणि पेटरची मुलगी यांच्या प्रेमाआड दोन्ही पंथ येतात. थोरला मुलगा मिक्केल नास्तिक आहे; त्याची पत्नी इंगर घराचा आधार आहे. मधला योहानेस वेडा झाला आहे. तो स्वतःला येशू समजतो. इंगर बाळंतपणात मरते आणि योहानेस तिला परत बोलावतो.

ड्रायरने नाटकातील जवळजवळ दोन-तृतीयांश संवाद काढून टाकले. कशाला कात्री लागली हे पाहणे उद्‌बोधक आहे. मुंकच्या नाटकात योहानेसच्या वेडाला प्रेयसीच्या अपघाती मृत्यूचे कारण होते. ड्रायरने ती प्रेयसी वगळली. त्याचा योहानेस कीर्केगोर वाचून वेडा झाला आहे. नवा धर्मोपदेशक हे प्रेमप्रकरण होते काय असे विचारतो आणि मिक्केल त्याला त्या तत्त्वज्ञाचे नाव सांगतो. प्रसंग काहीसा विनोदी आहे. पण या बदलामुळे वेडाचे कारण भावनेतून उचलून ग्रंथात, म्हणजे शब्दात ठेवले गेले. शब्दाने बिघडलेला माणूस शब्दानेच मृताला उठवतो, अशी एक संगती त्यातून तयार झाली. मूळ नाटकात ती नव्हती.

काटकसरीची हीच रीत नेपथ्यातही दिसते. स्वयंपाकघराचे दृश्य मांडताना ड्रायरने खेड्यातील गृहिणीच्या घरी असेल ती प्रत्येक वस्तू आधी मांडायला लावली आणि मग एकेक वस्तू उचलत उचलत अखेरीस मोजक्याच वस्तू ठेवल्या, अशी हकिकत त्याच्या छायालेखकाने सांगितली आहे. संहितेवरही त्याने असेच काम केले. भराभर आधी, मग वजाबाकी. मुळात जे कधी नव्हतेच ते आणि जे होते पण काढून घेतले ते, या दोन रिकामेपणांत फरक असतो. ‘ओर्डेट’मधील शांतता दुसऱ्या प्रकारची आहे.

‘जोन’मध्ये पंधराशे तुकडे होते, दोन तासांच्या ‘ओर्डेट’मध्ये अवघे एकशे चौदा शॉट आहेत. तंत्राच्या दृष्टीने हे दोन चित्रपट परस्परांच्या विरुद्ध टोकांवर आहेत आणि एखाद्या दिग्दर्शकाची ‘शैली’ सांगू पाहणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. पॉल श्रेडरने १९७२ मध्ये ओझू आणि ब्रेसाँ यांच्यासमवेत ड्रायरचा समावेश ‘अतींद्रिय शैली’च्या दिग्दर्शकांत केला, पण ड्रायर त्या व्याख्येत पुरता बसत नाही हे त्यालाही मान्य करावे लागले. डेव्हिड बोर्डवेलने आपल्या १९८१ च्या ग्रंथात शैलीच्या प्रत्येक वळणाचे काटेकोर विश्लेषण केले. ते अनन्यसाधारण आहे. मात्र शैलीच्या बदलांखाली न बदललेली गोष्ट, म्हणजे बोललेल्या शब्दासाठी जागा रिकामी करणे, तिच्यावर त्याचा भर नाही.

या संदर्भात एक दृश्य पाहण्याजोगे आहे. इंगर वेदनांनी तळमळत असताना तिची लहान मुलगी मारेन योहानेसजवळ येते. आई मेली तर तू तिला उठवशील ना, असे ती सहजपणे विचारते. कॅमेरा या दोघांभोवती संथपणे फिरत राहतो, मागची खोली सरकत जाते, पण दोघे जागेवरच आहेत. बाजूच्या खोलीतून इंगरचे कण्हणे ऐकू येते. इंगरची भूमिका करणारी बिर्गिट्टे फेडरस्पील त्या काळात प्रत्यक्ष गरोदर होती आणि तिच्या बाळंतपणाच्या वेळचे आवाज ध्वनिमुद्रित करून चित्रपटात वापरले गेले. मुलीचा निःशंक प्रश्न आणि तो अर्थहीन, शब्दपूर्व आवाज एकाच वेळी कानांवर पडतात. येथे चमत्काराची सर्व तयारी पूर्ण होते. प्रेक्षकाच्या ते लक्षात येत नाही, इतकेच.

अखेरच्या दृश्यात योहानेस शुद्धीवर येऊन परततो. इतका वेळ त्याचा स्वर एकसुरी, वरच्या पट्टीतला, पोथी वाचल्यासारखा होता; आता तो साध्या माणसासारखा बोलतो. जमलेल्या श्रद्धावंतांपैकी कुणीही इंगरला परत मागितले नाही, याबद्दल तो त्यांना दोष देतो. मारेन त्याचा हात धरते. तो तो शब्द मागतो आणि इंगरला हाक देतो. तिची बोटे हलतात. प्रकाशाचा झोत नाही, आकाशवाणी नाही, तंत्राची कोणतीही करामत नाही. मिक्केल तिला मिठीत घेतो, तेव्हा तिच्या चुंबनात एक प्रकारची भूक आहे. परतलेले शरीर हे शरीरच आहे. थांबवलेले घड्याळ पुन्हा सुरू केले जाते. चित्रपटाचा शेवटचा उद्‌गार जीवनाविषयीचा आहे.

मराठी वाचकाला येथे प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवल्यावाचून राहणार नाही. तेथील सदेह वैकुंठगमन कॅमेऱ्याच्या करामतीतून साकारते. पक्ष्याच्या आकाराचे विमान उतरते आणि आकाशात जाते. दामले-फत्तेलालांचा प्रेक्षक कीर्तनाला बसलेला असावा तसा श्रद्धेत आधीच बसलेला होता. त्याला चमत्कार दाखवायचा होता, पटवायचा नव्हता. ड्रायरचा प्रेक्षक शंकेखोर आहे. त्याला काहीही ‘दाखवले’ तर तो अविश्वास दाखवील, म्हणून येथे चमत्कार ऐकवला जातो. दोन्ही मार्ग आपापल्या परंपरेत सच्चे आहेत. एकाच्या मोजपट्टीने दुसऱ्याला मोजण्यात अर्थ नाही.

‘ओर्डेट’ला १९५५ च्या व्हेनिस महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला. हयातीत ड्रायरला लाभलेले हे एकमेव मोठे सार्वत्रिक यश म्हणता येईल.

६

नऊ वर्षांनी, पंचाहत्तरीत, त्याने ‘गर्ट्रूड’ (१९६४) केला. स्वीडिश लेखक याल्मार सोडरबेर्गचे १९०६ चे नाटक, नव्या लाटेच्या ऐन भरात! या निवडीला विद्यापीठीय संशोधनाचा हातभार लागला होता, ही गोष्ट अध्यापकांना कुतूहलाची वाटेल. स्टेन राइन याने १९६२ मध्ये या नाटकावर प्रबंध प्रसिद्ध केला होता. नायिकेचे मूळ सोडरबेर्गच्या प्रेयसीत, मारिया फॉन प्लाटेन हिच्यात असल्याचे आणि नाटकातील संवाद संवाद न साधण्याच्या अवस्थेतून कसे घडले आहेत याचे विवेचन त्यात आहे. ड्रायरने हा प्रबंध वाचला. नाटकात नसलेला उपसंहार त्याने जोडला. त्यात वृद्ध, एकाकी गर्ट्रूड जुन्या मित्राला त्याची पत्रे परत करते आणि प्रेमच सर्वस्व मानून जगल्याचा तिला पश्चात्ताप नाही. प्रबंधातून चित्रपटाला प्रसंग मिळाल्याचे हे दुर्मिळ उदाहरण आहे.

गर्ट्रूडच्या आयुष्यात तीन पुरुष येतात. मंत्रिपदाच्या वाटेवर असलेला पती, प्रसिद्धीच्या शिखरावरून परतलेला कवी आणि उथळ तरुण संगीतकार. तिघेही तिच्यावर प्रेम असल्याचे सांगतात, पण कुणीच तिला आपल्या कामापेक्षा मोठे स्थान देत नाही. तडजोड न करता ती तिघांनाही सोडते. चित्रपटभर पात्रे एकमेकांकडे न पाहता बोलतात. शेजारी बसलेली दोन माणसे समोरच्या रिकाम्या जागेत शब्द ठेवतात आणि ते शब्द तेथेच राहतात. जवळजवळ दोन तासांच्या या चित्रपटात नव्वदाहूनही कमी शॉट आहेत. ‘ओर्डेट’मध्ये शब्द उच्चारला की घडते, ‘गर्ट्रूड’मध्ये शब्द उच्चारले जातात आणि काहीच घडत नाही. दोन्ही चित्रपट एकाच विचाराच्या दोन बाजू आहेत, आणि म्हणून ‘गर्ट्रूड’ला उतारवयातील रंगभूमीय कंटाळा म्हणून बाजूला सारणे चुकीचे ठरते.

पॅरिसच्या पहिल्या खेळाला जमलेल्यांनी नेमके हेच केले. डिसेंबर १९६४ मध्ये फ्रेंच वृत्तपत्रांनी या चित्रपटाची थट्टा उडवली. पुढे ‘कायए द्यु सिनेमा’च्या वर्तुळातील तरुणांनी त्याची बाजू उचलून धरली. मात्र हेही मान्य केले पाहिजे, की आजही पहिल्यांदा ‘गर्ट्रूड’ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली वीस मिनिटे जड जातात. त्याला आधी सोडरबेर्गचे नाटक वाचायला द्यावे आणि कोणते संवाद गळाले, कोणते उरले, याच्या खुणा करायला सांगाव्यात. चित्रपट मग संथ राहतो, पण जड राहत नाही.

ड्रायरच्या दोन संहिता चित्रपटापर्यंत पोहोचल्या नाहीत. येशूच्या जीवनावरील पटकथा त्याने दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लिहिली होती. पैशासाठी तो सुमारे दोन दशके वाट पाहत राहिला. १९६७ मध्ये डॅनिश शासनाने साहाय्य मंजूर केले आणि २० मार्च १९६८ रोजी ड्रायर मरण पावला. ती पटकथा पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. युरिपिडीसच्या ‘मीडिया’वरील दुसरी पटकथा त्याने १९६५ च्या सुमारास प्रेबेन थॉम्सेनसमवेत सिद्ध केली होती. लार्स फॉन त्रिअरने १९८८ मध्ये तिच्यावरून डॅनिश दूरदर्शनसाठी चित्रपट केला. त्याच्या आरंभी त्याने एक निवेदन जोडले : ड्रायरच्या पटकथेवर आधारित असला, तरी हा ‘ड्रायरचा चित्रपट’ करण्याचा प्रयत्न नव्हे.